नवा पारखून घेईपर्यंत जुना डिस्ट्रिब्युटर देऊ नका

माझ्याकडे १९९३ ची होंडा आहे, बी१६ए इंजिनाची. १५९५ सीसी, टर्बो नाही, तरी सुमारे १६० अश्वशक्ती. आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा साडेपाच हजारांच्या पुढे गेला की व्हीटेक, म्हणजे झडपा जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा, लागतं आणि इंजिनाचा आवाजच बदलतो. त्या आवाजासाठी मी ही गाडी इतकी वर्षं जपली. तिच्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगांना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या पार्टमध्ये, मी फसलो, आणि नुकसान निव्वळ पैशांचं नव्हतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

सुरुवात अशी झाली की इंजिन तापलं की गाडी बंद पडायची. धक्का नाही, मिसिंग नाही, चालता चालता एकदम शांत. गाडी अजून गिअरमध्ये पुढे सरकत असायची, पण टॅकोमीटरचा (आरपीएम दाखवणाऱ्या मीटरचा) काटा धपकन शून्यावर. अर्धा तास थांबलं की काहीच न झाल्यासारखी चालू. हे चार-पाच वेळा झालं, त्यात एकदा ओव्हरटेक करताना. तेव्हा मात्र मी घाबरलो.

त्या काळातल्या बऱ्याच होंडात कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), इग्नायटर (त्या कॉइलचा करंट चालू-बंद करणारा) आणि इंजिनाची फेरी ओळखणारे तीन सेन्सर असं सगळं डिस्ट्रिब्युटरच्या पोटातच असतं. सेन्सर बॉडीबरोबरच येतात, सुटे विकत नाहीत. त्यामुळे नवा जेन्युइन घ्यायचा तर अख्खा घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून मी गप्पच झालो. मग स्वस्तात कुठे मिळतो का ते शोधायला लागलो.

एका वेबसाइटवर एक जाहिरात सापडली. ‘ओरिजिनल, रिबिल्ट, नवं बेअरिंग, टेस्ट केलेला.’ रिबिल्ट म्हणजे जुनाच उघडून दुरुस्त केलेला. फोटो स्वच्छ होते. बॉडीवरचा ‘टीडी’ने सुरू होणारा नंबर दिसत होता, वायरिंगचे प्लगसुद्धा माझ्या ओबीडी-१ (त्या पिढीच्या कॉम्प्युटरच्या) गाडीला जुळणारे. फोन केला. विक्रेत्याने लक्षणं ऐकली आणि लगेच म्हणाला, “सर, गरम झाल्यावर बंद पडते ना? मग पूर्ण डिस्ट्रिब्युटरच गेला. नुसता इग्नायटर बदलून काही होत नाही, महिनाभरात परत मलाच फोन कराल.”

इतक्या खात्रीने बोलणाऱ्या माणसावर विश्वास बसतो. माझाही बसला.

अट एकच होती. जुना आधी पाठवायचा, तो पोहोचला की रिबिल्ट निघेल. जुन्याच्या बदल्यात किंमत बरीच कमी. रिबिल्ट पार्टच्या धंद्यात अशी अदलाबदल सर्रास चालते, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पैसे मात्र त्याने वेबसाइटवरून न घेता थेट स्वतःच्या खात्यावर मागितले, ‘कमिशन वाचेल, तुमचाच फायदा’ म्हणून. तिथे मी थांबायला हवं होतं. नाही थांबलो.

काढताना टायमिंगची (ठिणगी पडण्याच्या वेळेची) जागा हरवू नये म्हणून मी डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टच्या कानापासून सिलिंडर हेडपर्यंत स्क्रू ड्रायव्हरने एक तिरकी रेघ ओढली, चांगली खोल. मग तो पॅक करून पाठवला.

आठवड्याभराने खोका आला. आतला पार्ट चकचकीत होता, आणि जुन्यापेक्षा हाताला हलका लागत होता. नंबर होता, पण स्टिकरवर, आणि स्टिकर किंचित वाकडा. जुनी बॉडी साफ करून रंगवली असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. मिस्त्रींनी तो हातात फिरवून बघितला आणि विचारलं, “साहेब, हा रिबिल्ट आहे की नवा डुप्लिकेट?” मी म्हटलं, बसवून तर बघू.

बसला. कॅमशाफ्टच्या टोकातली खाच मध्यापासून सरकलेली असते, त्यामुळे उलटा बसायचा प्रश्नच नव्हता. ओ-रिंग मात्र सैल वाटली. सर्व्हिस कनेक्टरला जंपर लावून टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मारला. या इंजिनाचं टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या क्षणाच्या) १६ अंश आधी असायला हवं, फार तर दोन अंश इकडेतिकडे, आणि लाइटखाली पुलीवरची खूण एका जागी स्थिर दिसायला हवी. आमची खूण नाचत होती. मिस्त्री म्हणाले, “शाफ्टमध्ये प्ले आहे.” म्हणजे तो ढिला हलतोय. मी म्हणालो, बेअरिंग नवं आहे, बसेल हळूहळू. त्यांनी पुढे वाद घातला नाही. तो त्यांनी घालायला हवा होता आणि मी ऐकायला हवं होतं, असं आज वाटतं.

त्यातलं गणित मला तेव्हा सुचलं नाही. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन आठ हजारावर असताना त्याचा शाफ्ट मिनिटाला चार हजार वेळा फिरतो आणि सोळा हजार ठिणग्या वाटतो. शाफ्ट जरासा हलला तरी सेन्सरला मिळणारी वेळ हलते. शहरातल्या साध्या गाडीत हे कदाचित खपून जाईल. ज्या इंजिनाची सगळी गंमत वरच्या आरपीएमला आहे, त्यात नाही खपत.

एकोणीस दिवस चालला. विसाव्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला, कोड ४, म्हणजे क्रँक सेन्सर, आणि गाडी पुन्हा रस्त्यात उभी. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली तर आत गंजासारखी तांबूस भुकटी, बेअरिंग झिजून पडलेली. रोटर (आत फिरून करंट वाटणारा तुकडा) कॅपच्या आत घासल्याच्या खुणा. बाहेरून ओ-रिंगपाशी ऑइल पाझरलेलं. मीटर लावला. सेन्सरने ३५० ते ७०० ओहमच्या मध्ये दाखवायला हवं, याने गरम असताना काहीच दाखवलं नाही.

विक्रेत्याला फोन केला. “कॅप तुम्ही उघडलीत, वॉरंटी संपली.” दुसऱ्या दिवशी फोन उचलणं बंद, तिसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. वेबसाइटने सांगितलं की पैसे त्यांच्यामार्फत गेले नाहीत, तेव्हा त्यांना काही करता येणार नाही.

खरा धक्का मिस्त्रींच्या एका प्रश्नाने बसला. “तुमचा जुना कुठे आहे?”

तो मी स्वतःच्या हाताने देऊन टाकला होता. आणि त्यात बिघडलेला होता तो बहुधा फक्त इग्नायटर. टॅकोमीटरचा सिग्नल इग्नायटरमधूनच जातो, त्यामुळे गाडी चालती असताना काटा एकदम शून्यावर पडणं हा त्याच्याकडे बोट दाखवणारा पुरावा होता. सेन्सरचे ४, ८, ९ यांपैकी एकही कोड तेव्हा आलेला नव्हता. त्याचा रोटर तेव्हा हलवला होता तर प्ले नव्हता, भुकटी नव्हती. म्हणजे बॉडी, बेअरिंग, सेन्सर सगळं ठणठणीत. इग्नायटर सुटा मिळतो, कॅप आणि रोटर काढून दोन-चार स्क्रूचं काम. मी धडधाकट ओरिजिनल देऊन, वर पैसे मोजून, टाकाऊ नक्कल घेतली.

याच लक्षणांवर आणखी एक भाग फसवतो तो मेन रिले, पेट्रोल पंपाला करंट देणारा. त्याच्या आतले सोल्डरचे टाके तडकतात आणि गाडी तापल्यावर चालू होत नाही. चावी ‘ऑन’ केल्यावर दोन सेकंद पेट्रोल पंपाची गुणगुण ऐकू येते का ते बघा. पंप बोलतोय आणि प्लगला करंट नाही, तर मग डिस्ट्रिब्युटरकडे वळा. फोनवर लक्षणं ऐकून अख्खा पार्ट बदलायला सांगणाऱ्याने यातलं काहीही मला विचारलं नव्हतं.

गाडी शेवटी स्वस्तातच दुरुस्त झाली, पण दोनदा खर्च करून. भंगारात निघालेल्या एका गाडीचा ओरिजिनल डिस्ट्रिब्युटर मिळाला. सेन्सर मीटरवर तपासूनच घेतला, बेअरिंग गेलेलं होतं. मिस्त्रींनी शाफ्टची पिन ठोकून काढली आणि नवं बेअरिंग दाबून बसवलं. पिन काढण्याआधी कपलिंग (कॅमशाफ्टच्या खाचेत बसणारं टोक) कोणत्या बाजूला आहे त्याची खूण करायला विसरू नका, उलटं बसलं तर टायमिंग पार चुकतं. नवा इग्नायटर, कॅप, रोटर आणि ओ-रिंग घातली. टायमिंग लाइटखाली आता खूण जागची हलत नाही.

गेल्या महिन्यात तोच विक्रेता दुसऱ्या नावाने दिसला. तीच वाक्यं, ‘ओरिजिनल, रिबिल्ट, नवं बेअरिंग’. फोटो नवे होते. मी ते मोठे करून बघितले. बोल्टच्या कानावर एक तिरकी रेघ आहे, कडेपाशी तुटलेली, तिचा उरलेला अर्धा भाग माझ्या सिलिंडर हेडवर आहे. मी वेबसाइटकडे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून तक्रार केली आहे, जाहिरात अजून उतरलेली नाही. ती रेघ असलेला डिस्ट्रिब्युटर तुम्हाला कुठे दिसला तर पैसे पाठवू नका. तो फोटोपुरता आहे, तुमच्या खोक्यात दुसराच येईल.