कोल्हापूरच्या प्रतिभानगर भागातलं घरगुती पाळणाघर: सहा मुलं होती तेव्हा आणि चौदा झाली तेव्हा

पाचपैकी साडेतीन स्टार. गेल्या वर्षी कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून पाच दिले असते. दीड स्टार कुठं गेला ते जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या ओळखीतल्या दोघी-तिघींच्या पाळणाघरातही सध्या हेच चाललंय, मुलं वाढवतायत पण सांभाळणारी माणसं तेवढीच, आणि आपण सकाळच्या घाईत दारातूनच बाळ देऊन गाडीला किक मारतो त्यामुळं आत काय बदललं ते लवकर कळतच नाही. नाव-पत्ता टाकत नाही, ते पाळणाघर चालवणाऱ्या काकूंचं राहतं घर आहे आणि त्यांचं वाईट व्हावं असं मला अजिबात वाटत नाही.

आधी साधी माहिती. वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, शनिवारी दुपारी दोनपर्यंत. तळमजल्याचं घर, पुढं अंगण, त्यात पेरूचं झाड, गेटला वरच्या बाजूनं जादा कडी लावलेली जी मुलांच्या हाताला येत नाही. आम्ही घातलं तेव्हा पूर्ण दिवसाची फी साडेचार हजार होती, जेवण-खाण त्यातच, फक्त डायपर आणि पावडरचं दूध आपलं आपण द्यायचं. माझं ऑफिस राजारामपुरीत सीएकडं, मार्च एन्डिंगला तर घरी यायची वेळच सांगता येत नाही, मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, त्यांची शिफ्ट फिरती. सासूबाई गडहिंग्लजजवळ गावी, दारात म्हशी, त्या सोडून इथं येऊन राहणं त्यांना जमत नाही आणि तसा आग्रह मी कधी धरला पण नाही. म्हणजे पाळणाघर आमच्यासाठी हौस नव्हती, त्याच्यावर आमची दोघांची नोकरी उभी आहे.

काकू पन्नाशीच्या, पूर्वी बालवाडीत शिकवायच्या. पहिल्या दिवशी मुलगी रडून रडून लाल झाली होती, माझा पाय निघेना, तर म्हणाल्या, "वैनी तुम्ही निवांत जावा, मी बघतो की." आणि खरंच बघायच्या. सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे त्यांची वही. शंभर पानी साधी वही, प्रत्येक पोराचं वेगळं पान, रोज संध्याकाळी ती दाखवायच्या. माझ्या मुलीच्या पानावर असं असायचं: दीड वाजता झोपली, पावणेतीनला दचकून उठली, भात अर्धा टाकला, दूधभाकरी सगळी खाल्ली, डावा कान सारखा ओढतीय. त्या कानाच्या एका ओळीवरून आम्ही दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं गेलो आणि कानात इन्फेक्शन निघालं. मला घरी दोन तासात जे दिसलं नव्हतं ते त्यांना दिवसभरात दिसलं होतं. जेवण पण घरचं, ज्वारीची ताजी भाकरी दुधात कुस्करून, मऊ भात आणि तूप, नाचणीची खीर, संध्याकाळी केळं. बिस्किटाचा पुडा मी त्या घरात कधी पाहिला नाही. तेव्हा सहा मुलं होती, काकू आणि एक मावशी. दोन वर्षांखालची त्यातली दोनच.

मग आजूबाजूचं एक पाळणाघर बंद पडलं, त्या बाई मुलाकडं पुण्याला गेल्या, आणि तिथली सगळी मंडळी काकूंच्या दारात. शिवाय रजा संपलेल्या नवीन आया होत्याच. २०१७ ला कायदा बदलून बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली हे चांगलंच झालं, पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने, म्हणजे ज्या बाळाला अजून धड बसता येत नाही ते बाळ कुणाच्या तरी हातात देऊन कामावर जायचं. त्याच कायद्यात ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय द्या आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्या असं लिहिलंय, पण आमच्यासारख्या दहा-बारा जणांच्या ऑफिसला ते लागू होत नाही, आणि कोल्हापुरात अशी छोटी ऑफिसं, दुकानं, दवाखाने, क्लास यातच किती बायका काम करतात ते बघा. त्या सगळ्यांना शेवटी अशा एखाद्या काकूंचंच घर लागतं.

काकूंना नाही म्हणता आलं नाही. पैशाचंही होतं, ते मी समजू शकते. सहा मुलांचे सत्तावीस हजार येणार, त्यातून मावशींचा पगार, दूध, भाजी, गॅस, लाइटबिल गेलं की दहा तास पोरं सांभाळून बाईच्या हातात राहतं किती. म्हणून मुलं वाढवली याचा मला राग नाही. सहाची आठ झाली तेव्हा तर काही फरकही पडला नव्हता. पण आठाची अकरा, अकराची चौदा हे दोन-तीन महिन्यांत झालं, आणि मदतीला एक मुलगी अर्धा वेळ ठेवली होती ती पण लग्न ठरलं म्हणून सोडून गेली. म्हणजे मुलं चौदा, त्यातली पाच दोन वर्षांखालची, आणि बाया परत त्याच दोघी.

मला पहिल्यांदा जाणवलं ते वहीवरूनच. पानं वेगळी असायची ती एकत्र झाली, एका पानावर सगळ्यांची नावं एकाखाली एक, पहिल्या नावापुढं "जेवला, झोपला" आणि त्याच्या खाली सगळ्यांना वरच्यासारखंच म्हणून दोन छोट्या रेघा, तळापर्यंत रेघाच रेघा. चौदा पोरं एकसारखी जेवली आणि एकसारखी झोपली असं कधी होतं का. पुढच्या आठवड्यात मुलीच्या दंडावर दात उमटलेले दिसले. दीड-दोन वर्षांची पोरं चावतात, त्यात नवल नाही, माझी पण कुणाला चावली असेल. आधी असं काही झालं की काकू गेटपाशीच सांगायच्या, खेळण्यावरून झालं, बर्फ लावलाय, आता बरं आहे. या वेळी विचारलं तर काकूंना माहीत नव्हतं आणि मावशींनाही माहीत नव्हतं. चावल्याचं मला काही वाटलं नाही, पण दोघींपैकी कुणालाच ते दिसलं नाही याची मला भीती वाटली.

एक दिवस मुद्दाम दुपारी लवकर गेले आणि बसून बघितलं. मधल्या खोलीत दोन झोळ्या, त्यात दोन बाळं, तिसरं मावशींच्या मांडीवर, चौथं वॉकरमध्ये, आणि पाचवं वाकळेवर उताणं पडून एकटंच वर पंख्याकडं बघत होतं. वॉकर वापरू नका असं आता डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात, काकूंनाही ते माहीत होतं, आधी त्यांच्याकडं वॉकर नव्हताच. एक झोळीतलं उठलं की त्याच्या रडण्यानं बाकीची उठायची. आणि या सगळ्यात काकू कुठं होत्या तर स्वयंपाकघरात, चौदा जणांचा भात-वरण करून ताटल्या विसळत. कामचुकारपणा अजिबात नाही, त्या बाईला पाणी प्यायला वेळ नव्हता.

माझी नणंद इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिचा मुलगा तिथल्या अशाच एका बाईंच्या घरी जातो. फोनवर बोलताना तिनं तिथले नियम सांगितले. एका बाईला आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं, त्यात अगदी लहान, म्हणजे साधारण पाचच्या आतली तीनच, आणि एक वर्षाखालचं एकच. बाईची स्वतःची लहान मुलं असतील तर ती पण त्याच आकड्यात धरतात. रजिस्ट्रेशन लागतं, ऑफस्टेड नावाचं सरकारी खातं तपासायला घरी येतं, लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा १२ तासांचा कोर्स करावा लागतो आणि दर तीन वर्षांनी परत करावा लागतो. हाताखाली दुसरी बाई घेतली तर तिच्यामागं परत तेवढीच मुलं घेता येतात. तिकडं पण पाळणाघरं कमी पडतायत, खर्च परवडत नाहीये, म्हणून २०२३ ला नियम थोडा सैल केला, म्हणजे आधीपासून येणाऱ्या मुलाचं भावंड असेल किंवा बाईचं स्वतःचं मूल असेल तर तीनच्या वर जाता येतं, पण तेव्हाही प्रत्येक मुलाकडं नीट लक्ष देता येतंय हे त्या बाईला दाखवता आलं पाहिजे.

आता तीन मुलांवर कोल्हापुरात कुणाचं घर चालणार नाही, तेवढी फी आपण कुणीच देऊ शकत नाही, त्यामुळं तिकडचा आकडा जसाच्या तसा इकडं आणा असं मी म्हणत नाहीये. पण मुलं मोजताना वय बघून मोजायची ही गोष्ट मला एकदम पटली. साडेचार वर्षांचं पोर शाळेतून येतं, जेवतं, अंगणात खेळतं, शी-शू आली की सांगतं. सहा महिन्यांचं बाळ पूर्ण एक माणूस अडकवून ठेवतं.

आपल्याकडं केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ऑफिसांच्या पाळणाघरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, त्यात पण वय धरलंय, तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागं एक प्रशिक्षित बाई आणि तीनच्या वरच्या वीस मुलांमागं एक, सोबत मदतनीस. त्या हिशेबानं बघितलं तर काकूंचं पाळणाघर जवळजवळ पास होतं की हो. मग तरी का कोलमडलं? कारण त्या सूचनांमध्ये मुलं सांभाळणारी बाई फक्त मुलंच सांभाळते असं धरलेलं आहे. घरगुती पाळणाघरात तीच बाई भाकऱ्या थापते, तीच गेट उघडते, दूधवाल्याला पैसे तीच देते, भांडी तीच विसळते, पाणी आलं की टाकी भरायला तीच पळते. कागदावर दोन बाया असल्या तरी बाळांच्या वाट्याला दिवसभर एकच येते. त्यामुळं तुमच्या इथं किती बाया आहेत हे विचारून काही कळत नाही, दुपारी बारा ते दोन या वेळात पोरांजवळ कोण बसलेलं असतं ते विचारा.

पावसाळ्यात हॅन्ड फूट माउथ आलं तेव्हा सगळ्यांनाच कळून चुकलं. हा आजार पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये लय पटकन पसरतो, थुंकी, नाकातलं पाणी, तोंडात घातलेली खेळणी यातून. आधीच्या वर्षी पण एकाला झाला होता, पण तेव्हा सहाच पोरं, काकूंनी सकाळी कपडे बदलताना तळपायावरचे फोड बघितले आणि लगेच आईला फोन लावून घरी पाठवलं, बाकी कुणाला झाला नाही. या वर्षी फोड दिसेपर्यंत निम्म्या पाळणाघरात पोचला होता. आठवडाभर पाळणाघर बंद, आम्ही सगळ्या आया रजेवर, कुणाची बिनपगारी.

मग आम्ही सात-आठ पालक मिळून काकूंकडं गेलो. भांडायला नाही, चहा घेत बोललो. एक बाबा जरा चढ्या आवाजात बोलायला लागले तर बाकीच्यांनी त्यांना गप्प केलं, कारण काकू आधीच रडवेल्या झाल्या होत्या, म्हणाल्या, "मला पण झोप लागत नाही ओ, कुणाला नको म्हणू सांगा." दोन तास बोलणं झालं. ठरलं ते असं की एकूण दहाच्या वर मुलं घ्यायची नाहीत, दोन वर्षांखालची तीनच, अजून एक मावशी पूर्ण वेळ ठेवायची आणि त्यासाठी फी सातशे रुपयांनी वाढवायची. दुपारचं जेवण मागच्या गल्लीतल्या एका ताईंच्या मेसमधून आणायचं म्हणजे काकू गॅसपासून मोकळ्या होतील. लगेच कुणाला काढलं नाही, मोठी तीन मुलं शाळेच्या वेळेमुळं तशीही जाणार होती आणि दोघांनी फी वाढली म्हणून काढून घेतली, त्यातल्या एका आईचं मला खरंच वाईट वाटलं, तिला सातशे रुपये जड होते आणि तिच्या बाळाला या घराची सगळ्यात जास्त गरज होती. आमच्यापैकी काही जणी वाटून भरायला तयार होत्या, पण तिला ते नको वाटलं.

आता बरंच पूर्ववत झालंय. वही परत वेगळ्या पानांची झाली, वॉकर माळ्यावर गेला. भाकरीची मात्र मजा गेली, मेसची भाकरी येईपर्यंत वातड होते, मुलगी आता भातच खाते, आणि भाजीत तिखट जरा जास्त असतं ते दोनदा सांगूनही कमी झालेलं नाही. अर्धा स्टार त्याचा. एक स्टार त्या मधल्या महिन्यांचा, तो मी परत देणार नाही, निदान अजून सहा महिने दहाचा आकडा टिकतोय का ते बघेपर्यंत तरी नाही.

कुणाला घालायचं असेल तर माझं स्पष्ट मत, तीनच्या वरचं मूल असेल तर बिनधास्त घाला, अंगण आहे, काकू गोष्टी छान सांगतात, बालवाडीतली गाणी घेतात. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर आधी विचारा की सध्या तेवढी लहान किती आहेत, तीन असतील तर थांबा, कितीही गळ घालून चौथं घ्यायला लावू नका. आणि एकदा तरी दुपारी न सांगता जाऊन या, काकूंना त्याचा राग येत नाही, चहा पण मिळतो. सध्या लहान बाळांची जागा भरलेली आहे, मोठ्यांसाठी अर्ध्या दिवसाच्या दोन जागा आहेत, शाळेच्या रिक्षातून येणाऱ्या मुलांना घ्यायला नवीन मावशी कोपऱ्यापर्यंत जातात, फी दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्यायची.