नवी म्हणून विकलेली ठोकलेली गाडी

दसऱ्याला नाशिकच्या शोरूममध्ये रांग लागते. आपल्याला मुहूर्त साधायचा असतो, त्यांना यार्ड रिकामं करायचं असतं. आमचीही गाडी अशाच गर्दीत मिळाली. हार, नारळ, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, फोटो. किंमत साधारण अकरा लाख. डीलरचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

पहिल्याच आठवड्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी झालेलं दिसलं. वर्कशॉपमधल्या अॅडव्हायझरने ते भरून दिलं. "सर, नव्या गाडीत हवा अडकते, होईल सेट." पुन्हा कमी, पुन्हा भरणं. मग एकदा मुंबईहून येताना कसारा घाटात टेम्परेचरचा लाल दिवा लागला. वडिलांना उन्हात रस्त्याकडेला बसवून टोइंगची वाट बघत बसलो.

खरी चलाखी मात्र जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपमधल्या तक्रार-दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर चालते. आपण सांगतो, "इंजिन तापतं, कूलंट जातं." कार्डावर छापून येतं, "जनरल चेकअप, टॉप-अप, ओके." गाडी परत देताना समाधानाच्या रकान्यात सही मागतात. पुढे भांडण आयोगात गेलं की हेच कागद पुढे येतात: बघा, तक्रार कधी नव्हतीच, ग्राहक दर वेळी खूश होऊन गेलाय. घाटातल्या प्रकारानंतर मी कार्डावर स्वतःच्या हाताने पूर्ण तक्रार लिहिली आणि समाधानाच्या रकान्यात "तक्रार कायम" असं लिहून खाली सही केली. अॅडव्हायझर कुरकुरला, "सर, असं लिहिलं तर कार्ड क्लोज होत नाही." म्हटलं, नको होऊ दे. त्याच संध्याकाळी तोच मजकूर डीलर आणि कंपनी, दोघांनाही ईमेल केला. फोनवर झालेल्या बोलण्याला पुढे कवडीची किंमत नसते.

दोष सापडला तो सातपूरच्या एका ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे. त्याने बोनेट उघडलं आणि इंजिनाकडे न बघता आधी बिजागरीच्या बोल्टवरून बोट फिरवलं. "भाऊ, हे खोललेलं आहे. कंपनीत बोनेट बसवून मग रंग मारतात, बोल्टच्या डोक्यावर रंग अखंड असतो. इथं पान्याने कडा सोलल्यात." मग रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं. छपरावर सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास, बोनेटवर आणि डाव्या फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) तीनशेच्या वर, म्हणजे तिथे पुन्हा रंग मारलेला. रेडिएटर ज्या पट्टीवर बसतो ती ठोकून सरळ केलेली, म्हणून रेडिएटर तिरका बसलेला आणि जोडातून कूलंट झिरपणारं. ट्रेलरवर असो वा यार्डात, गाडी आमच्याकडे येण्याआधीच आपटली होती.

इथे कायद्यातला एक फरक नीट समजून घ्या. फक्त "उत्पादनात दोष आहे, गाडी बदलून द्या" म्हणून गेलात तर वाट अवघड आहे. भाग बदलून दोष जात असेल तर गाडी बदलून मिळण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच म्हटलंय. शिवाय दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. गाडीची तपासणी करून घ्या, असा अर्ज आयोगाकडे करता येतो. ठोकलेली गाडी नवी म्हणून विकणं ही गोष्टच वेगळी. ती अनुचित व्यापारी प्रथा. तक्रारीत तेच पहिलं लिहा, आणि गाडी बदलून किंवा पैसे परत किंवा दुरुस्ती व भरपाई, अशा पर्यायी मागण्या करा.

सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, म्हणून डीलर आणि कंपनी दोघांनाही घाला, पण कंपनीच्या भरवशावर राहू नका. गोव्यात डीलरने जुन्या वर्षाची, आधी चाललेली गाडी नवी म्हणून विकली होती. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातून कंपनीला सोडलं, कारण डीलरचा हा कारभार तिला माहीत होता असं सिद्ध झालं नाही.

बाकी कारभार वाटतो तितका भयंकर नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाकडे जाते, मुदत दोन वर्षांची. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी 400 रुपये, पाच लाखांपर्यंत काहीच नाही. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे. वकील सक्तीचा नाही, आम्ही केला. आधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार टाकली तर कधीकधी डीलर तिथेच नरमतो; आमचा नरमला नाही. आणि रागाच्या भरात कर्जाचे हप्ते थांबवू नका. बँकेचा या भांडणाशी संबंध नाही, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, मात्र तुमचा बिघडतो.

मध्ये एकदा डीलरकडून मोठे साहेब घरी आले होते. दोन वर्षांची जादा वॉरंटी, फुकट सर्व्हिस, फक्त एका पत्रावर सही हवी. पत्रात तिसऱ्या ओळीत "माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही" असं होतं. चहा पाजून परत पाठवलं.

लेखी उत्तरात त्यांनी अपेक्षित तेच म्हटलंय: गाडी तक्रारदारानेच कुठेतरी ठोकली असावी. त्यावर आम्ही दोन कागद लावलेत. एक, विमा कंपनीचं पत्र, की या पॉलिसीवर आजवर एकही दावा झालेला नाही. तेवढ्याने भागत नाही, विम्याबाहेर दुरुस्ती केली असं ते म्हणू शकतात. दुसरा कागद म्हणजे डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमनेच काढून आम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेला, पुठ्ठ्याच्या किल्लीचा फोटो. मोठा करून बघितला की हाराच्या डाव्या बाजूला बोनेट आणि फेंडरमधली फट उजव्या बाजूच्या दुप्पट दिसते.