तुरीच्या गोदामात 14 महिने: माझा जॅक रसेल टेरियर ब्रीड स्टँडर्डला किती उतरतो

माझ्याकडे जॅक रसेल टेरियर येऊन 14 महिने झाले. शेत उदगीरजवळ, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, तूर-सोयाबीन ठेवायचं गोदाम आहे, आणि कुत्रा आणला तो मुळात घुशींसाठी. हौस होतीच, पण निव्वळ हौसेपायी एवढे पैसे मी मोडले नसते. त्याच्या आधीच्या हंगामात घुशींनी तुरीचे 11 कट्टे खालून फोडले होते. औषध टाकायला आईचा सक्त विरोध, कारण विष खाल्लेली घूस खाऊन आमची मांजर गेली होती.

आमच्या लातूर जिल्ह्यात कुत्रं म्हटलं की कारवानी, आपलं देशी शिकारी कुत्रं. चाकूरकडं ते जिवापाड सांभाळणारी घरं आहेत, अंगावर लांब केस असलेला पश्मीही दिसतो. त्यामुळं पहिला प्रश्न ठरलेला, ‘कारवानी सोडून हे मांजराएवढं काय आणलं?’ कारवानी नजरेनं सावज धरतो, मोकळ्या रानात त्याच्यासारखा धावणारा नाही. पण घूस मोकळ्या रानात सापडत नाही, ती जोत्याखाली असते. तिथं आत शिरणारं कुत्रं लागतं.

हैदराबादेतून पिल्लू आणलं तेव्हा ते 55 दिवसांचं होतं. पांढरं शुभ्र, डाव्या डोळ्यावर काळा ठिपका, शेपटीच्या मुळाशी दुसरा. आईनं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, ‘ह्या लेकराला बिब्बा कुणी लावला रं?’ तेव्हापासून तो बिब्बा.

विकणाऱ्यानं ‘एकदम प्युअर’ असं तीनदा सांगितलं, कागद मात्र दिले नाहीत. पुढं पाठवतो म्हणाला, अजून पाठवायचेत. म्हणून मीच एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेचं 345 क्रमांकाचं स्टँडर्ड, म्हणजे ही जात कशी असावी याचं लेखी वर्णन, काढून ओळीनं वाचलं. सुरुवातीला ते मला प्रदर्शनवाल्यांचं वाटलं. उंची 25 ते 30 सेंमी, दर 5 सेंमी उंचीला 1 किलो वजन, छाती खोल पण रुंद नको, कोपराच्या मागं घेर 40 ते 43 सेंमी, म्हणजे दोन हातांच्या पंजांत मावेल एवढा. हे आकडे आले कुठून, ते मला बिब्बानं दाखवलं.

त्याआधी थोडं मूळ सांगतो, कारण त्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही. इंग्लंडात डेव्हन भागात जॉन रसेल नावाचा पाद्री होता, 1795 चा जन्म, 1883 ला वारला. ऑक्सफर्डला शिकत असताना 1819 मध्ये त्यानं एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री घेतली, असं सांगतात. तिच्या डोळ्यांवर नि कानांवर तांबूस डाग होते आणि शेपटीच्या मुळाशी नाण्याएवढा एक ठिपका. (हे वाचलं तेव्हा मी बिब्बाला उलटा करून शेपटीचा डाग पुन्हा पाहिला.) रसेलला कुत्रं हवं होतं ते घोड्यांबरोबर पळणारं आणि कोल्हा बिळात गेला की मागोमाग आत शिरून त्याला बाहेर काढणारं. कोल्ह्याला मारायचं नाही, भुंकून हुसकायचं. पुढं त्याच रक्ताच्या दोन जाती धरल्या गेल्या. पाय लांब असलेला पार्सन रसेल, त्याची नराची आदर्श उंची 36 सेंमी. आणि बुटका जॅक रसेल, जो ऑस्ट्रेलियात घडला. एफसीआयनं त्याला तात्पुरती मान्यता दिली ती 2000 मध्ये. आपल्याकडं बाजारात दोन्हींना सरसकट ‘जॅक रसेल’ म्हणून विकतात, तेव्हा घेताना आई-बापाची उंची समोर उभं राहून बघा.

आता डिसेंबरातली गोष्ट. बिब्बा तेव्हा 10 महिन्यांचा. गोदामाच्या मागच्या जोत्याखाली घुशीचं जुनं बीळ आहे, त्यात तो आधीही दोनदा जाऊन आला होता. त्या संध्याकाळी शिरला आणि आतच राहिला. आमचा सालगडी जमिनीला कान लावून म्हणाला, ‘दादा, भुंकायलाय, पण जागचा हलंना.’ पहार घेऊन शहाबादी फरशी उचकटली, खालची काळी माती हातानं उपसली. दोन तास गेले. आधी शेपटी दिसली, मग मागचे पाय, आणि छातीचा भाग दोन दगडांच्या मधे घट्ट बसलेला. शेपटीला धरून ओढा असं दोघंतिघं म्हणत होते, मी ओढू दिलं नाही. दगड सैल करून काढला. नाकावर घुशीचा चावा, तोंडात माती, आणि खाली ठेवल्याबरोबर परत बिळाकडं.

त्या रात्री शिंप्याचा टेप आणून मोजलं. घेर 46. धान्याच्या काट्यावर मी त्याला घेऊन उभा राहिलो, माझं वजन वजा केलं, 7 किलो 600 ग्रॅम. दोन्ही अंगठे पाठीच्या कण्यावर ठेवून बोटं छातीखाली मिळवायला गेलो, तर मधे तीन बोटांची जागा उरली. आई रोज दोन्ही वेळा दूध-भाकर घालायची, वर मी देत होतो ते कोरडं खाद्य. लाड करताना आम्ही त्याला बिळापेक्षा मोठं केलं होतं.

दूध-भाकर बंद केली. मोजून कोरडं खाद्य, एक उकडलेलं अंडं, कधी बिनमसाल्याचं चिकन, सकाळी शेताच्या बांधानं तासभर चक्कर. फेब्रुवारीअखेर वजन साडेसहा किलो आणि घेर बरोबर 43. आता माझी बोटं छातीखाली टेकतात. त्याच जोत्याखालून तो आत जाऊन दुसऱ्या तोंडानं बाहेर येतो. बाकी अंग कसंही असो, ही जात पाळणाऱ्यानं महिन्यातून एकदा ही दोन हातांची मोजणी करावीच, तिला पैसा लागत नाही.

उंचीत मात्र तो बसत नाही. भिंतीला टेकवून उभा केला, सुताराचा गुण्या खांद्यावर ठेवला, खूण केली, 31.5 सेंमी. स्टँडर्डपेक्षा दीड सेंमी जास्त. दुसरं म्हणजे छातीचा तळ खांदा आणि जमीन यांच्या बरोबर मधोमध यायला हवा. बिब्बाचा खांद्यापासून छातीपर्यंत 14.5 आणि तिथून जमिनीपर्यंत 17 भरतो. पाय लांब, मागं कुठंतरी पार्सनचं रक्त असावं असा माझा अंदाज. शेतात हे मला गैरसोयीचं वाटलं नाही, हरभऱ्यातून तो सहज उड्या मारत जातो. पण स्टँडर्डपुढं तो कमी पडतो, हे मान्य करायलाच हवं.

कानांचं तर मला खरंच वाईट वाटतं. स्टँडर्डला कानाची पाळी पुढं दुमडलेली किंवा खाली पडलेली हवी. त्याचा डावा कान सुंदर गुंडीसारखा दुमडतो. उजवा कान दात बदलायच्या वयात उभा राहिला तो राहिलाच. हा नुसता दिसण्याचा मुद्दा असेल असं मला वाटायचं. मग पावसाळ्यात बिळातून आला की कान पुसायला लागलो. ओल्या कापसाचा बोळा डाव्या कानातून जवळजवळ पांढराच निघायचा आणि उजव्यातून काळ्या मातीचा चिखल. श्रावणात उजवा कान पिकला, वास यायला लागला, 10 दिवस थेंब घातले. दुमडलेली पाळी म्हणजे बिळाच्या तोंडाला लावलेलं झाकण आहे. माझ्या कुत्र्याला ते एकाच बाजूला मिळालंय.

बाकी भराभर सांगतो. दात कात्रीसारखे बसतात, वरचे खालच्यांना चिकटून पुढं. डोळे लहान, गडद, बदामी, पण उजव्या पापणीच्या कडेला गव्हाएवढा गुलाबी तुकडा आहे, तिथं काळा रंग हवा होता. शेपटी कापलेली नाही, चालताना ताठ असते. केस आखूड गुळगुळीत प्रकारचे. चिखल वाळला की झाडून पडतो, आंघोळ महिन्यातून एकदा पुरते. केसगळती भरपूर, काळ्या घोंगडीवर रोज पांढरी नक्षी.

स्टँडर्ड म्हणतं, केस हवामानाला टिकणारे हवेत. पण ही जात मुळात थंडी-पावसाच्या देशातली आहे. आमच्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या पुढं जातो, आणि पांढऱ्या कुत्र्याच्या पोटाची गुलाबी कातडी भाजते. सकाळी 9 नंतर बाहेर नाही, ओलं गोणपाट, सावलीत पाण्याचं टोपलं, फरशी हाताच्या उलट्या बाजूनं तपासल्याशिवाय चालायचं नाही. हे पाळता येत नसेल तर मराठवाड्यात ही जात घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

आणि गोचीड. दिवाळीच्या आसपास बिब्बानं खाणं सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या. जवळच्या एका डॉक्टरनं ‘पोट बिघडलंय’ म्हणून तीन दिवस घालवले. शेवटी दुसरीकडं रक्त तपासलं, तर प्लेटलेट्स घसरलेल्या, गोचीडताप निघाला. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवस चालल्या. गुरांच्या गोठ्याशेजारी राहणाऱ्या कुत्र्याला गोचिडीचं औषध एक महिनासुद्धा चुकवायचं नाही. उंदीर-घुशी धरणाऱ्याला रेबीजबरोबर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लसही हवीच, कारण तो रोग त्यांच्या मुतातून येतो.

घेताना आणखी दोन गोष्टी बघा. पांढऱ्या पिल्लांत जन्मजात बहिरेपण असू शकतं, म्हणून पिल्लू पाठमोरं असताना टाळी वाजवा. आणि पळताना मधेच मागचा एक पाय उचलून तीन पायांवर उड्या मारतंय का पाहा, या जातीत गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास असतो. बिब्बाला दोन्ही नाही.

स्वभावाच्या ओळीत ‘धीट, निर्भय, मैत्रीपूर्ण, शांत आत्मविश्वासाचा’ असं आहे. धीट आणि निर्भय पूर्ण गुण. माणसांशी मैत्री उत्तम, लेकरं शेपटी ओढतात तरी गुरगुरत नाही. शांत मात्र तो नाही. भुंकण्यासाठीच ही जात घडवली, ते गावात शेजाऱ्यांना सहन होणार नाही. शेजारच्या दोन कोंबड्या त्यानं मारल्या, मी पैसे भरून दिले, आता कोंबड्या सुटल्या की तो साखळीला असतो. शेळ्यांकडं तो बघतही नाही.

कामाचं म्हणाल तर या हंगामात तुरीचा एकच कट्टा फुटला, तोही बिब्बा आजारी होता तेव्हा.

मागच्या महिन्यात नांदेडकडचे एक गृहस्थ मादी घेऊन मेटिंगसाठी आले. चांगले पैसे देत होते, त्यांची मादी 28 सेंमीची, दोन्ही कान दुमडलेले. मी चहा दिला, बिब्बाला ओट्यावर उभं केलं, गुण्या लावून दाखवला, उजवा कान दाखवला, पापणी दाखवली, आणि नाही म्हणालो. ते जरा नाराज झाले. जाताना मी त्यांना एका कागदावर आकडे लिहून दिले, 25 ते 30 उंची, 40 ते 43 घेर, छातीचा तळ मधोमध, कान दुमडलेले, आणि म्हणालो, नर बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा.