घरी थांबायचं की इंग्लंड गाठायचं? फाज आणि कास्ती यांच्या दोन वाटा

दक्षिण फ्रान्समध्ये रग्बी लीग (तेरा जणांची रग्बी) खेळणाऱ्या होतकरू पोरापुढे हा पेच असतोच: इंग्लंडच्या सुपर लीग या अव्वल स्पर्धेत खेळणाऱ्या पेर्पिन्याँच्या कॅटलन्स ड्रॅगन्समध्ये जम बसवायचा की लवकर इंग्लंड गाठायचं? आमच्या मते पगाराआधी मैदानावरची जागा बघावी.

तेओ फाज हाफबॅक, म्हणजे किक आणि पास देऊन खेळ चालवणारा, मूळचा पेर्पिन्याँचाच. पण कोवळ्या वयात तो सॅल्फर्ड या इंग्लिश क्लबला गेला, 2013 मध्ये सुपर लीगमध्ये उतरला, 2016 मध्ये सेंट हेलेन्सकडे आला आणि 2019 व 2020 ची ग्रँड फायनल, म्हणजे सुपर लीगची अंतिम लढत, जिंकला. 2024 मध्ये ड्रॅगन्सकडून खेळायला घरी परतला तो तयार होऊनच. त्या वयात घरी एवढे सामने मिळणं कठीण होतं. तोमा बोस्कसारखा अपवाद सोडला तर ड्रॅगन्सच्या खेळाची सूत्रं बहुधा परदेशी हातांत राहिली: 2006 मध्ये स्टेसी जोन्स, 2018 मध्ये जॉश ड्रिंकवॉटर, 2021 मध्ये त्याच्या जोडीला जेम्स मलोनी.

हाफबॅकला सामनेच घडवतात. चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवून पाडणं म्हणजे टॅकल; सहाव्या टॅकलला चेंडू समोरच्या संघाकडे जातो, म्हणून पाचव्यानंतर किक मारायची. बचावफळी दहा मीटरवरून अंगावर येत असते. तेवढ्यात मोकळी जागा हेरायची आणि साथीदाराला इंग्रजीत हाक द्यायची. हाक जरा उशिरा गेली की किकचा पाठलाग मागे पडतो आणि समोरचा फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागे उभा असलेला खेळाडू, चेंडू झेलून निवांत पुढे येतो.

रेमी कास्ती प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला दणकट खेळाडू. तो 2006 पासून ड्रॅगन्समध्येच घडला. 2014 चा एक हंगाम ऑस्ट्रेलियातल्या सिडनी रूस्टर्सकडे खेळून परतला आणि 2018 मध्ये वेम्ब्लीवर वॉरिंग्टनला 20-14 असं हरवून ड्रॅगन्सने चॅलेंज कप ही बाद फेरीची स्पर्धा जिंकली तेव्हा कर्णधार तोच होता, वय 33. प्रॉपचं अंग उशिरा भरतं. बचाव करताना प्रत्येक टॅकलनंतर दहा मीटर मागे धावावं लागतं. दम कमी पडला की ऑफसाइड, पेनल्टी, आणि कमावलेलं मैदान गेलं. ही ताकद घरी राहूनही कमावता येते, कारण फ्रेंच प्रॉपना ड्रॅगन्सने नेहमीच खेळवलं.

तुलूज या दुसऱ्या फ्रेंच क्लबचाही विचार करता येतो, पण 2022 मध्ये तो संघ सुपर लीगमध्ये आला आणि त्याच हंगामात खालच्या विभागात गेला.

फाज गेला तेव्हा व्हिसाची अडचण नव्हती. 2021 पासून फ्रेंच खेळाडूलाही तो लागतो. तरीही हाफबॅकने जावं, पण सहीआधी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: व्हिसाची जबाबदारी कोणाची, आणि पहिल्या संघात जागा नसेल तेव्हा लोनवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडे, कुठे पाठवणार.