650 ची टूरर विकून मिटिऑर 350 घेतली: वापरून झाल्यावरचं मत

आपल्याकडे गंमत बघा, मोठी टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासाची बाईक ज्या रस्त्यांसाठी बनवलेली असते नेमके तेच रस्ते दुचाकीला बंद. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे बंद, समृद्धी बंद, अटल सेतू बंद, सी लिंक बंद. म्हणजे सहाव्या गिअरमध्ये 120 ला कुरकुर न करता पळणारी गाडी घ्यायची आणि मुंबईला जायचं जुन्या हायवेनं, लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांसमोर आडव्या लावलेल्या गाड्यांमधून वाट काढत, मग शिंग्रोबाच्या देवळावरून खाली खोपोलीत. तिथं 66 हॉर्सपॉवर असले काय नि 20 असले काय, पुढचा टेम्पो ज्या स्पीडनं उतरतो त्याच स्पीडनं सगळे उतरतात.

मी पुण्यात राहतो, वय पन्नाशीला टेकलंय, उंची 5 फूट 6 इंच, आणि बरीच वर्षं 650 सीसीची जपानी, दोन सिलिंडरची टूरर वापरून आता रॉयल एन्फिल्डची मिटिऑर 350 चालवतोय, सुपरनोव्हा व्हेरियंट. जुन्या गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण गाडी झकास होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाहीये, फक्त ती माझ्या रस्त्यांची आणि माझ्या गुडघ्यांची राहिली नव्हती.

वजनाचं आधी सांगतो कारण सगळ्यांचा गैरसमज तिथंच होतो. मिटिऑर हलकी गाडी नाही. 191 किलो वजन आहे तिचं, जुनी गाडी 220 च्या आसपास होती, म्हणजे कागदावर फरक तीसेक किलोचा. पण सीटची उंची मोठीची 845 मिमी आणि हिची 765, हे जे 8 सेंटीमीटर आहेत ना तेच सगळं आहे. मोठीवर माझ्या पायाचे फक्त चवडे टेकायचे, सिग्नलला रस्ता जरा कलता असला की एकच पाय, त्यात 21 लिटरची टाकी फुल असली की सगळं वजन वर, एकदा का गाडी कलायला लागली की मग ती तुमची ऐकत नाही. मिटिऑरवर दोन्ही टाचा जमिनीला टेकतात आणि वजन सगळं खाली बसलेलं आहे.

कोकणात हे सगळ्यात जास्त कळतं. दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरी घ्या. जेट्टीचा उतार, त्यावर भरतीचं पाणी येऊन गेलेलं, शेवाळ, मग बोटीचा लोखंडी रॅम्प, आणि आत गेल्यावर बोटीवरचा माणूस हातानं खुणा करत "दादा, अजून डावीकडे घ्या, अजून, अजून" म्हणत तुम्हाला एका इनोव्हाच्या आणि रेलिंगच्या मधल्या फटीत घुसवतो. मोठ्या गाडीला दोन्ही बाजूंनी पेट्या होत्या, ती तिथं मागंपुढं करताना कपाळाला घाम यायचा आणि उतरून ढकलायची म्हटलं तर ओल्या पत्र्यावर बूट सरकायचे. मिटिऑर मी बसल्या बसल्या पायानं रेटत फटीत लावतो, साइड स्टँडवर टाकतो आणि रेलिंगला टेकून खाडी बघत उभा राहतो. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ, सगळीकडे हेच. सागरी रस्त्यानं खाली जायचं असेल तर या फेऱ्या टाळता येत नाहीत, टाळूही नयेत.

आता इंजिन. 349 सीसी, एकच सिलिंडर, हवा आणि ऑइलवर थंड होणारं, 20 च्या जरा वर बीएचपी आणि 27 एनएम टॉर्क, तोही 4000 आरपीएमला. पॉवर मोठ्या गाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे आणि ते जाणवतं, नाही जाणवत म्हणणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका. पण टॉर्क खालीच मिळतो त्यामुळं ताम्हिणीत तिसऱ्या गिअरला टाकून 35-40 ला सोडून दिली की वळण आलं, चढ आला, पुढं म्हैस आली तरी गिअरशी झटापट करायला लागत नाही. मोठी गाडी त्या स्पीडला कंटाळायची, सारखं वाटायचं की हिला पळायचंय आणि मीच लगाम धरून बसलोय. जुन्या बुलेटची ती हातापायाला मुंग्या आणणारी थरथर हिच्यात नाही, बॅलन्सर शाफ्ट दिलाय, 80-90 पर्यंत आरसेसुद्धा स्वच्छ दिसतात. त्यावर कॉलनीतले एक काका नाराज आहेत, त्यांच्या मते आवाज ऐकून खिडकीत कोणी आलं नाही तर ती बुलेट कसली. काकांना मी सांगून दमलो की ही बुलेट नाही, पण आपल्याकडे एन्फिल्डची कुठलीही गाडी ही बुलेटच, त्याला इलाज नाही.

शहरात तर प्रश्नच नाही. चांदणी चौक ते हिंजवडी संध्याकाळी सहा वाजता मोठ्या लिक्विड कूल्ड गाडीवर जाऊन बघा, रेडिएटरचा पंखा चालू झाला की सगळी गरम हवा पिंढऱ्यांवर. मिटिऑरपण गरम होते, पण पाय पुढं असल्यामुळं तेवढी झळ लागत नाही. क्लच माझ्या गाडीला स्लिप-असिस्टवाला, म्हणजे हाताला हलका लागणारा आहे, 2025 च्या अपडेटमध्ये तो सगळ्या व्हेरियंटना आला. जुनी मिटिऑर सेकंडहँड बघत असाल तर क्लच हाताला जरा जड लागेल हे धरून चला.

गेलं काय ते पण सांगतो. ओव्हरटेकिंग गेलं. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, खंबाटकी चढताय, पुढं एक कंटेनर 20 नं चाललाय आणि त्याला ओव्हरटेक करणारा दुसरा कंटेनर 22 नं चाललाय, अशा वेळी मोठ्या गाडीवर जरा जागा दिसली की मनगट पिळलं आणि पार, विचार करायचा संबंधच नाही. मिटिऑरवर आधी मागं बघायचं, एक गिअर खाली टाकायचा, वाट बघायची, मग काढायची, आणि मागं बायको आणि बॅगा असतील तर बऱ्याचदा गप मागंच राहायचं. सपाटीला 90-95 ला ती खूश असते, 100 ला चालते, 110 ला "आता बस" म्हणते. घाट संपल्यावर कराड-कोल्हापूर पट्ट्यात जिथं मोठी गाडी 115 ला क्रूझ करायची तिथं 90 धरून चालायचं म्हणजे कोल्हापूरला पोचायला वेळ जास्त लागतो, किती जास्त ते तुम्ही चहाला किती वेळा थांबता त्यावर. पण पुणे-बंगळूर एका दिवसात करणारे असाल तर ही गाडी घेऊ नका, साफ सांगतो. होईल, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना माझी आठवण काढाल आणि चांगल्या शब्दांत काढणार नाही.

दुसरी गोष्ट पाठीची, आणि ही कोणी शोरूममध्ये सांगत नाही. टूरर किंवा ॲडव्हेंचर टाइप गाडीवर खड्डा दिसला की फुटरेस्टवर जरा उभं राहायचं, गुडघे धक्का खातात, पाठ मोकळी. मिटिऑरसारख्या क्रूझरवर पाय पुढं असतात त्यामुळं उभंच राहता येत नाही. म्हणजे खड्ड्याचा सगळा हिशोब थेट माकडहाडाशी. त्यात मागचे शॉक एकट्यानं चालवताना कडक वाटतात. भोर ते वरंध रस्त्याचा एखादा खराब तुकडा लागला की मोठीवर मी 50 नं जायचो, हिच्यावर 25. उपाय आहेत. मागच्या शॉकला प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या, सहा पायऱ्या आहेत, एकटा असताना सगळ्यात खालची ठेवायची, मागं माणूस आणि सामान असेल तेव्हा दोन-तीन वर. पान्यानं दोन मिनिटांचं काम आहे, बऱ्याच लोकांना माहीतच नसतं आणि मग पाठ दुखते म्हणून सीट बदलत बसतात. टायरची हवापण पंक्चरवाल्यानं "मस्त टाइट" भरून दिली असेल तर आधी ती कमी करून बघा, निम्मं दुखणं तिथंच जातं. एवढं करूनही टूररचं सस्पेन्शन ते टूररचं सस्पेन्शन. मोठ्या गाडीची सगळ्यात जास्त आठवण मला पॉवरमुळं येत नाही, या कारणामुळं येते.

मागच्या सीटवरचं मत मात्र एकदम उलटं आहे. बायकोला मोठ्या गाडीवर चढायला स्टूल लागायचा म्हणायचं फक्त बाकी होतं, माझ्या खांद्याला धरून फुटरेस्टवर उभं राहून पाय टाकायचा, तोवर मी दोन्ही ब्रेक दाबून जीव मुठीत धरून. सुपरनोव्हाला पाठ टेकायला बॅकरेस्ट आणि पुढं विंडस्क्रीन येते. तिचं म्हणणं आता कुठं गाडीवर बसल्यासारखं वाटतं, आधी गच्चीवर बसल्यासारखं वाटायचं. सामानाचं मात्र अवघड झालंय, तीन पेट्यांची सवय होती, आता दोन कापडी सॅडल बॅग आणि त्यातही पावसाचं कव्हर. तिच्यापेक्षा मीच जास्त कपडे नेत होतो असं लक्षात आलंय, असं ती सांगत असते.

पैशाचं बोलू. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला, 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांना 18 टक्के आणि वरच्यांना 40. मिटिऑर 349 आहे, त्यामुळं ती 18 मध्ये बसते आणि दोन लाखांच्या आसपास एक्स-शोरूममध्ये येते. इन्शुरन्समध्येही तीच रेघ आहे, थर्ड पार्टीचा वर्षाचा प्रीमियम 150 ते 350 सीसीला 1366 रुपये आणि 350 च्या वर 2804, टॅक्स वेगळा. ॲव्हरेज मोठी 20-22 द्यायची, ही हायवेला आरामात चालवली तर 35 च्या आसपास देते, 15 लिटरची टाकी आहे, म्हणजे पुण्यातून टाकी फुल करून निघालं की कोकणात पंप शोधत फिरायला लागत नाही. मोठीचा मागचा टायर बदलायची वेळ आली की महिन्याचं बजेट कोलमडायचं. सर्व्हिसचं तर काय सांगू, एकदा एक साधा लिव्हर तुटला तर पार्ट यायला इतके दिवस लागले की मी वेल्डिंगवाल्याकडे जायच्या बेतात होतो. एन्फिल्डचं सर्व्हिस सेंटर बऱ्याच छोट्या गावांतही सापडतं आणि नाही सापडलं तरी बुलेटवर हात बसलेला मेकॅनिक सापडतोच. अलॉय व्हील, ट्यूबलेस टायर, त्यामुळं पंक्चर म्हणजे रस्त्याकडेला वात घालून दहा मिनिटांचा विषय. आणि डबल स्टँड! मोठीला नव्हता. चेनला ऑइल मारायचं म्हणजे पॅडॉक स्टँड काढा, कोणाला तरी गाडी धरायला बोलवा. आता रविवारी सकाळी एकटा पार्किंगमध्ये चाक फिरवत मारून मोकळा.

घेण्याआधी बाकीच्या पण पाहिल्या. सुपर मिटिऑर 650 दिसायला एक नंबर, इंजिन लोण्यासारखं, पण वजन 241 किलो, म्हणजे जी विकतोय तिच्यापेक्षाही जड, मग एवढा खटाटोप कशाला. होंडाची हायनेस सीबी350 चं इंजिन मला मिटिऑरपेक्षा जास्त गुळगुळीत वाटलं, खरं सांगायचं तर, पण सीट 800 मिमी आणि बसणं साध्या बाईकसारखं सरळ. बजाजची ॲव्हेंजर 220 सगळ्यात हलकी, 163 किलो, सीट 737, शहरात आणि जवळपास फिरायला पैसा वसूल गाडी आहे आणि तिच्यावर लडाख करून आलेले लोक मी ओळखतो. 2001 ला कावासाकी-बजाज एलिमिनेटर आली होती तेव्हा कॉलेजमध्ये पोस्टर लावलं होतं मी रूमवर, ॲव्हेंजर त्याच वंशातली, त्यामुळं मन ओढत होतं. पण मागं माणूस बसवून घाट चढायचे म्हटल्यावर मिटिऑर जास्त भरवशाची वाटली.

ट्रिपर म्हणून मीटरच्या शेजारी छोटी गोल डबी आहे ती रस्ता दाखवते, फोनच्या ॲपला जोडून. नकाशा नाही, नुसता बाण आणि अंतर. सरळ हायवेला पुरते, पेठांमध्ये पुरत नाही, पेठांमध्ये काहीच पुरत नाही.

घ्यायचा विचार असेल तर एकच करा. टेस्ट राइडला शोरूमवाला गुळगुळीत रस्त्यावर दोन किलोमीटरचा चक्कर मारून आणतो, त्यावर गाडी सगळ्यांनाच आवडते. त्याला सांगा मला जरा जास्त वेळ पाहिजे, घरचं माणूस मागं बसवा, तुमच्या रोजच्या रस्त्यावरचे खड्डे आणि स्पीडब्रेकर यावरून न्या, आणि एखाद्या चढावर मुद्दाम थांबून परत उचला. जमलं तर आधी प्रीलोड कितीवर आहे ते विचारा, बहुतेक त्यालाही माहीत नसेल.