‘चोरी’ म्हणावे की ‘प्रताधिकार भंग’?

एखाद्या मराठी कादंबरीची पीडीएफ टेलिग्रामवर येते. पानाच्या कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आणि वाचनालयाचा शिक्का दोन्ही दिसतात. या कृतीला नाव कोणते द्यावे?

‘चोरी’ हा शब्द ठसठशीत आहे आणि लेखकाचे बुडालेले मानधन तो एका दमात सांगतो. परंतु भारतीय कायद्यात चोरी ठरण्यासाठी जंगम वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून हलवावी लागते, आणि येथे मूळ प्रत वाचनालयाच्या कपाटात जागच्या जागी असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ साली, एल्व्हिस प्रेस्लीच्या गाण्यांच्या बेकायदा तबकड्यांच्या खटल्यात, प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) भंग आणि चोरी सरसकट एक मानण्यास नकार दिला. (‘पायरसी’ तर थेट समुद्रावरची चाचेगिरी!)

‘प्रताधिकार भंग’ कानाला रुक्ष लागतो आणि गुन्हा किरकोळ असल्याचा भास निर्माण करतो. तसे मुळीच नाही: १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे, जरी व्यापारी हेतू नसल्यास न्यायालय शिक्षा कमी करू शकते. बातमीत मी हाच शब्द वापरेन; संतापलेल्या लेखकाने ‘चोर’ म्हटले, तर मात्र त्याची भाषा दुरुस्त करायला जाणार नाही.