ड्रमच्या आवाजांसाठी ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर: गणपती ते मे महिना वापरून

आधी निकाल सांगतो. घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करत असाल आणि आपले किक, स्नेअर, हॅट (ड्रमसेटचे मुख्य आवाज) बाकीच्यांसारखेच वाजतात याचा कंटाळा आला असेल, तर पुढचं प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचं साधन) घेण्याआधी हातात मावणारा रेकॉर्डर घ्या. मी तो गेल्या गणपतीच्या तोंडावर घेतला. आता मे चालू आहे आणि माझ्या ट्रॅकमधले तालाचे जवळजवळ सगळे आवाज मी स्वतः पकडलेले आहेत.

असे रेकॉर्डर बऱ्याच कंपन्या बनवतात. माझा अनुभव थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडेल, म्हणून मॉडेलपेक्षा प्रकाराबद्दल लिहितो. डोक्यावर एकमेकांना तिरपे बसवलेले दोन माइक, पेन्सिल सेल, मायक्रोएसडी कार्ड आणि ३२-बिट फ्लोट रेकॉर्डिंग (लेव्हल चुकली तरी फाइलमध्ये आवाज कापला न जाणारी पद्धत), एवढं असलं की पुरे.

या ३२-बिट फ्लोटचा सगळ्यात जास्त फायदा तालाच्या आवाजांनाच होतो. गाणाऱ्याला 'जरा गाऊन दाखव' म्हणून लेव्हल लावता येते. वाड्याचा दरवाजा आपटणार असेल तर तो पहिल्यांदा आपटतो तेव्हाच खरा वाजतो. साध्या २४-बिटमध्ये तो पहिला आवाज लेव्हलच्या वर गेला की गेलाच. फ्लोटमध्ये फाइल उघडल्यावर लाट वरून कापल्यासारखी दिसते, पण सॉफ्टवेअरमध्ये गेन (आवाजाची पातळी) खाली घेतला की तिचा माथा जसाच्या तसा परत मिळतो. फक्त गेन कमी करण्याआधी फाइल २४-बिटमध्ये बदलायची नाही. ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला मिनिटाला साधारण २३ एमबी लागतात, म्हणजे कार्ड मोठं हवं.

फोनवर हे का जमत नाही, असं मला नेहमी विचारतात. बहुतेक फोन आवाज बोलण्यासाठी म्हणून सावरून घेतात: मोठा आवाज दाबायचा, मागची खरखर पुसायची. ड्रमची ओळख तर पहिल्या दहा-तीस मिलिसेकंदांत असते, आणि नेमकी तीच त्यात बोथट होते.

आता मुख्य गोष्ट, काय रेकॉर्ड करायचं? गणपतीत साहजिकच ढोल, ताशा, झांज आणि टोल यांच्यापासून सुरुवात केली. आवाज जबरदस्त मिळाले, पण ते ट्रॅकमध्ये टाकले की ऐकणाऱ्याला लगेच मिरवणूक दिसते. तीच हवी असेल तर उत्तम. नवा ड्रम हवा असेल तर मात्र घरातल्या वस्तू जास्त कामाला आल्या. लोखंडी खलबत्त्याचा ठणका रिमशॉटच्या (ड्रमच्या कडेवरच्या ठोक्याच्या) जागी बसला. धोपाटण्याखाली बडवलेल्या ओल्या चादरीचा क्लॅप (टाळीसारखा ठोका) मला तयार आवाजांच्या कुठल्याही पॅकमध्ये सापडला नव्हता. काचेच्या बांगड्यांचे हॅट झाले. आईने सुपात तांदूळ पाखडताना जो सळसळाट होतो, त्याचा एक छोटा तुकडा कापला आणि ताशाच्या एका टिपेच्या फक्त सुरुवातीला जोडला. त्या स्नेअरवर माझं आजही प्रेम आहे. रिकाम्या माठावर थाप मारताना तोंड तळव्याने अर्धं झाकलं की आतला घुमणारा स्वर खाली येतो; हात सरकवत नेला तर तो घसरतो, आणि हे टॉमसाठी, म्हणजे घुमणाऱ्या मधल्या ड्रमसाठी, सोनं आहे.

खऱ्या ड्रमसारखा आवाज मिळवायचाच नाही, हे मी रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनकडून घेतलं. हे यंत्र १९८० साली आलं आणि १९८३ मध्ये बंद झालं. त्याची झांज सहा स्क्वेअर वेव्ह ऑसिलेटर एकत्र करून बनवलेली आहे, किक म्हणजे सर्किटचं विरत जाणारं घुमणं. खऱ्या ड्रमशी तुलना केली तर दोन्ही नापास, आणि म्हणूनच त्यांना स्वतःचा चेहरा आहे. आपल्याकडे मुंबईत संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच या यंत्राच्या तालावर सिंथवर राग वाजवून ठेवले होते. त्यामुळे दुकानाच्या शटरचा आवाज किकसारखा करायची धडपड मी करत नाही. तो शटरच राहू दे, जागा मात्र किकची घेऊ दे.

त्या जागेसाठी थोडं काम करावं लागतं. दुकानाचं लोखंडी शटर जमिनीला टेकतानाचा धप्प मी ९६ किलोहर्ट्झवर घेतला आणि एक सप्तक खाली उतरवला. धातूच्या आवाजात कानाला न ऐकू येणारं बरंच काही वर असतं. माइकने त्यातलं जे पकडलं ते खाली येतं, त्यामुळे उतरवलेला आवाज तितका मंद वाटत नाही. तळाचा दणका तरीही अशा छोट्या माइकमध्ये पुरेसा येत नाही, म्हणून खाली साधारण ५० हर्ट्झची साधी साइन (एकाच स्वराची शुद्ध लाट) लावतो. तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे दोन थरांच्या तळातल्या लाटा १० मिलिसेकंदांनी मागेपुढे असतील तर त्या एकमेकींना खातात आणि किक पोकळ होते. लाटा मोठ्या करून, डोळ्यांनी बघून जुळवा. या एका सवयीने माझ्या किक जितक्या सुधारल्या तितक्या कुठल्याही कंप्रेसरने (आवाजातले चढउतार आवरणाऱ्या साधनाने) सुधारल्या नाहीत.

मर्यादाही आहेत. फ्लोट फाइलला वाचवतो, माइकला नाही. माझ्या रेकॉर्डरच्या माइकची मर्यादा १२० डेसिबलच्या आसपास आहे. ताशाच्या अगदी जवळ गेलं की माइकच फाटतो आणि तो आवाज नंतर दुरुस्त होत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, त्यामुळे चार पावलं मागे येणं हाच उपाय. उलट टोकाला, बोटांनी कागद चुरगळण्यासारख्या बारीक आवाजात माइकची स्वतःची सूं ऐकू येते, आणि गेन वाढवला की तीही वाढते. हातात धरलं तर बोटांची खसखस येते. छोटा ट्रायपॉड आणि केसाळ विंडस्क्रीन यांचे पैसे हिशेबात धराच. चार्ज होणारे सेल घ्या.

वादकांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हलगीवाला, संबळवाला यांचा ठोका ही त्यांची कमाई असते. आधी विचारा, कशासाठी हवाय ते सांगा, मोबदला द्या, गाणं बाहेर आलं की नाव लिहा. ज्या हलगीवादकाला मी असं भेटलो, त्याने वाजवण्याआधी कातडं शेकोटीवर तापवताना दर थोड्या वेळाने ठोका देऊन दाखवला. कातडं ताणत जातं तसा स्वर चढत जातो. एकाच वाद्याचे इतके वेगळे ठोके मला विकतच्या पॅकमध्ये कधी मिळाले नसते.

घरी बसून फक्त सिंथ आणि सॉफ्टवेअरवर खूश असणाऱ्यांनी हा खर्च करू नये. रेकॉर्ड केलेल्या तासाभरातून कामाचे मोजकेच ठोके निघतात आणि कापणं, नावं देणं यात संध्याकाळ जाते. मी फाइलला वस्तू, जागा आणि 'अटॅक' (सुरुवात), 'बॉडी' (मधला भाग) किंवा 'टेल' (विरणारा शेवट) असं नाव देतो. त्याने शोधणं सोपं होतं आणि एका आवाजाचा अटॅक दुसऱ्याच्या टेलला जोडून बघायची सवय लागते. सध्या पिएझो कॉन्टॅक्ट माइक (वस्तूला चिकटवून तिची थरथर पकडणारा माइक) जोडायच्या तयारीत आहे. त्याला इनपुटचा इंपीडन्स (विद्युत विरोध) जास्त लागतो, नाहीतर तळ गायब होतो, म्हणून मध्ये छोटा प्रीअँप घेतोय. पहिला नंबर सोसायटीच्या लोखंडी जिन्याचा.